रेशीम, कोळंबीची सालं आणि चिमूटभर कार्बन

आजच्या विषयाचं नाव पडद्यावर दिसतंय, ‘नैसर्गिक बहुवारिकांचे कार्बन नॅनोद्रव्यांनी बळकटीकरण’. नाव जरा दचकवणारं आहे. पण या सभागृहात येताना तुमच्यापैकी बहुतेकजण याच विषयावर बसून आलात. तुमच्या गाडीचा टायर म्हणजे हाच पदार्थ.

बघा, रबर कुठून येतं? झाडाच्या चिकातून. केरळात तर आहेच, आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे गेलात तरी रबराच्या बागा दिसतील. झाडाने स्वतः बनवलेला, एकच छोटा रेणू हजारो वेळा साखळीसारखा जोडून तयार झालेला पदार्थ. अशा साखळीला आपण बहुवारिक म्हणतो, म्हणजे पॉलिमर. सजीवाने बनवली म्हणून जैवबहुवारिक. कापूस, रेशीम, कोळंबीचं कवच, साबुदाण्यातला स्टार्च ही सगळी याच घराण्यातली मंडळी.

सुरुवातीच्या काळातले टायर काळे नव्हते. रबर मुळात फिकट रंगाचं, त्यात झिंक ऑक्साइडची पांढरी भुकटी घालत, त्यामुळे टायर पांढरट असायचे. मिशेलिन कंपनीचा तो टायरांचा गुबगुबीत माणूस पांढरा आहे, तो यामुळेच. हे टायर भराभर झिजायचे. १९०४ साली इंग्लंडमधल्या सिल्व्हरटाउनच्या रबर कारखान्यात एस. सी. मोट यांच्या लक्षात आलं की रबरात काजळी मिसळली तर ते कमालीचं बळकट होतं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत टायर काळे झाले, ते आजतागायत काळेच आहेत. मोटारीच्या टायरच्या वजनात साधारण पाव हिस्सा ही काजळीच असते. इंग्रजीतलं तिचं नाव कार्बन ब्लॅक. तिचे मूळ कण काही दशक नॅनोमीटरचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही बारीक. नॅनो हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता तेव्हा रस्त्यावर नॅनोतंत्रज्ञान धावत होतं!

आता गंमत अशी की काजळी स्वतः काही फार मजबूत नाही. निरांजनावर वाटी धरून काजळ धरतात ते आठवा, बोट लावलं की भुकटी. मग तिने रबर मजबूत कसं केलं? याचं उत्तर एका साध्या प्रयोगात आहे. कच्चं रबर योग्य द्रावकात टाकलं तर ते विरघळून जातं. पण काजळी घालून मळलेलं कच्चं रबर त्याच द्रावकात ठेवलं तर काही रबर बाहेर येतच नाही. ते काजळीच्या कणांना चिकटून बसलेलं असतं. या चिकटलेल्या रबराला ‘बाउंड रबर’ म्हणतात. ताण आला की एका साखळीवरचा भार कणामार्फत शेजारच्या दहा साखळ्यांवर वाटला जातो. कण स्वतः किती दणकट, याला इथे फारसं महत्त्व नाही. त्याचा पृष्ठभाग किती आणि रबराने तो किती घट्ट धरला, यावर सगळा खेळ आहे.

ही गोष्ट मनात ठेवा. कारण पुढे आपण कार्बनच्या अशा रूपांकडे जाणार आहोत ज्यांचे आकडे ऐकून डोळे दिपतात, आणि डोळे दिपले की नेमकी हीच गोष्ट विसरली जाते.

ती रूपं दोन. १९९१ साली जपानमध्ये एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचं वर्णन केलं, त्या कार्बन नॅनोट्यूब. आणि २००४ साली मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइट सोलून सोलून एका अणूच्या जाडीचा पापुद्रा वेगळा केला, ते ग्राफीन. पेन्सिलीत जे असतं त्याचाच एक पदर. २००८ साली कोलंबिया विद्यापीठात या पापुद्र्याची ताकद मोजली गेली, ती सुमारे १३० गिगापास्कल. एक गिगापास्कल म्हणजे एक चौरस मिलिमीटरवर साधारण शंभर किलोचं ओझं. तेव्हा १३० म्हणजे काय ते तुम्हीच बघा. ताठपणा, म्हणजे ओढलं असता न ताणण्याचा गुण, हजार गिगापास्कल. पोलादाचा दोनशे.

याउलट आपली नैसर्गिक बहुवारिकं. कोळंबी सोलली की वजनाचा चाळीस-पन्नास टक्के भाग डोकं आणि सालं म्हणून टाकून द्यावा लागतो. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर ज्यांनी तो वास घेतला असेल त्यांना जास्त सांगायला नको. त्या सालांतला चुना आम्लाने काढायचा, प्रथिनं अल्कलीने काढायची, उरतं ते कायटिन. ते तीव्र अल्कलीत तापवलं की कायटोसान मिळतं. व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लात ते विरघळतं. ताटात ओतून वाळवलं की छान पारदर्शक पापुद्रा तयार होतो, ज्वारीच्या पापडीसारखा. पण कोरडा असताना ठिसूळ आणि दमट हवेत मऊ. पावसाळ्यात पापडाचं जे होतं तेच. पाण्याचे रेणू साखळ्यांच्या मध्ये शिरतात, साखळ्यांनी एकमेकींचे धरलेले हात सोडवतात. स्टार्च, जिलेटिन, कायटोसान, सगळ्यांचं दुखणं हेच.

मग कुणालाही वाटणारच की या दुबळ्या पोरामध्ये तो पैलवान घालू. हिशेब करून पाहू या. कायटोसानच्या पापुद्र्याचा ताठपणा २ गिगापास्कल धरा. त्यात आकारमानाने फक्त एक टक्का नॅनोट्यूब घातल्या. हजाराचा एक टक्का दहा. दहा आणि दोन बारा. म्हणजे एक टक्क्यात सहापट! असे हिशेब अनुदानाच्या अर्जांत फार छान दिसतात. (हशा)

पण हा हिशेब एका अटीवर खरा आहे. सगळ्या नळ्या एकाच दिशेने, ओढण्याच्या दिशेने, तंतोतंत मांडलेल्या असल्या पाहिजेत. त्या तशा नसतात, वाटेल तशा पडलेल्या असतात. निव्वळ या एका कारणाने नळ्यांचा वाटा पाचवा हिस्सा उरतो, म्हणजे दहाचे दोन. सहापटीचे झाले दुप्पट. आणि अजून नळ्या नीट विखुरल्या आहेत, बहुवारिकाने त्यांना घट्ट धरलंय, हे आपण गृहीतच धरलेलं आहे.

त्यातली पहिली अडचण स्वयंपाक करणाऱ्याला लगेच कळेल. पिठल्यात बेसन एकदम टाकलं की गुठळ्या होतात. बाहेरून शिजलेल्या, आत कोरडं पीठ. ग्राफीन आणि नॅनोट्यूबच्या बाबतीत हे दुखणं शंभर पटीने मोठं आहे, कारण त्यांचा पृष्ठभाग अफाट असतो. एक ग्रॅम ग्राफीनचा, दोन्ही बाजू धरून, सैद्धांतिक पृष्ठभाग २६३० चौरस मीटर. आपल्या भाषेत सव्वीस गुंठे. चिमूटभर भुकटीत सव्वीस गुंठे जमीन! ही सगळी जमीन एकमेकींना चिकटायला बघते, कारण कार्बनचं कार्बनशी जमतं, पाण्याशी जमत नाही. गुठळी झाली की त्या सव्वीस गुंठ्यांतला अंगणाएवढाच तुकडा बहुवारिकाच्या वाट्याला येतो. शिवाय गुठळी म्हणजे पदार्थातला दोष, आणि तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून बहुतेक प्रयोगांत एक आकृती पुन्हा पुन्हा दिसते. कार्बन वाढवत गेलं की ताकद आधी वाढते, एक-दोन टक्क्यांच्या आसपास माथा गाठते, आणि नंतर खाली येते. तीन टक्के घातले म्हणून तिप्पट फायदा होत नाही. कित्येकदा मूळ पदार्थापेक्षाही वाईट पदार्थ हाती येतो.

यावरचा एक उपाय मला फार आवडतो, कारण तो मुळात शाईवाल्यांचा आहे. जुन्या पोथ्यांची शाई कशी करत? दिव्याची काजळी आणि डिंक खलून. डिंक कशाला, तर काजळी पाण्यात तळाला बसू नये म्हणून. डिंकाच्या लांबलचक शर्करा-साखळ्या काजळीच्या कणावर चिकटतात आणि त्यांची टोकं पाण्यात डोलत राहतात, त्यामुळे दोन कण जवळ येऊ शकत नाहीत. २००२ साली इस्रायलमधल्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी अरबी डिंक, म्हणजे आपल्या बाभळीच्याच जातभाईंचा डिंक, वापरून कार्बन नॅनोट्यूब पाण्यात सुट्या करून दाखवल्या. तेच तत्त्व. यात नळीला इजा होत नाही. एरवी सुट्या करण्यासाठी ध्वनिलहरींचा मारा करतात, आणि तो जास्त झाला तर नळ्याच तुटतात.

नळी तुटली तर बिघडलं कुठे, लहान झाली इतकंच, असं वाटेल. पण लांबी महत्त्वाची आहे. मातीच्या भिंतीत सुतळीचा तुकडा बोटभर पुरला आणि ओढला तर तो अलगद निघून येतो. हातभर पुरला तर सुतळी तुटेल पण निघणार नाही. म्हणजे सुतळीची पूर्ण ताकद वापरायची तर तिची पुरेशी लांबी मातीच्या पकडीत हवी. नळीचंही तसंच. दहा नॅनोमीटर जाडीची नळी, ताकद ३० गिगापास्कल, आणि पकड ५० मेगापास्कल धरली तर ही किमान लांबी येते तीन मायक्रोमीटर. ध्वनिलहरींनी नळी अर्ध्या मायक्रोमीटरची करून ठेवली, तर पैलवानाला हात बांधून आखाड्यात उतरवल्यासारखं झालं.

दुसरी अडचण पकडीची. कार्बनचा पृष्ठभाग गुळगुळीत, त्यावर बहुवारिकाला धरायला काही नाही. म्हणून त्यावर मुद्दाम ऑक्सिजनचे गट बसवतात. ग्राफीनचं असं रूप म्हणजे ग्राफीन ऑक्साइड. त्याच्या कडांना आम्लगट असतात, पाण्यात त्यांच्यावर ऋण भार येतो. कायटोसानवर आम्लात धन भार असतो. दोघांचं छान जमतं. पण किंमत मोजावी लागते. ऑक्सिजन बसवताना जाळी बिघडते आणि ताठपणा हजारावरून सुमारे दोनशेवर येतो. कागदावर ही मोठी हार आहे. प्रत्यक्षात पाण्यातून बनवलेल्या पापुद्र्यांत ग्राफीन ऑक्साइड अनेकदा शुद्ध ग्राफीनपेक्षा सरस ठरतं, कारण दोनशेचा पैलवान घट्ट धरलेला आहे आणि हजाराचा निसटतोय.

चांगलं जमलं तर किती जमतं? २००५ साली ‘बायोमॅक्रोमॉलिक्यूल्स’ या नियतकालिकात आलेल्या कामात कायटोसानमध्ये वजनाने ०.८ टक्के बहुपदरी नॅनोट्यूब घातल्या. ताठपणा सुमारे ९३ टक्के वाढला, ताकद ९९ टक्के. म्हणजे जवळपास दुप्पट. आपण मघाशी केलेला उतरवलेला हिशेब आठवा, तोही दुप्पटीचाच होता. एका टक्क्याहून कमी भरीत दुप्पट हा उत्तम निकाल आहे. फक्त सहापटीची स्वप्नं घेऊन आलेल्या माणसाला तो फिका वाटतो, एवढंच.

आता रेशमाकडे येऊ. इथे मला थोडं रेंगाळायचं आहे.

रेशमाचा धागा म्हणजे फायब्रॉइन नावाचं प्रथिन. त्याच्या साखळीत ग्लायसिन, अॅलनिन, सेरिन ही छोटी अमिनो आम्लं ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा येतात. छोटी असल्यामुळे साखळ्या एकमेकींना अगदी बिलगून बसतात आणि त्यांचे इवलेसे स्फटिक बनतात. मधला भाग मात्र सैल, गुंतवळासारखा. स्फटिक ताकद देतात, गुंतवळ ताण सोसतो. म्हणजे रेशीम हे निसर्गाने आधीच केलेलं नॅनोबळकटीकरण आहे, भरही प्रथिनाची आणि भोवतालही प्रथिनाचाच. अमेरिकेतल्या एमआयटीत मार्कस ब्यूलर यांच्या गटाने २०१० साली संगणकावर दाखवलं की हे स्फटिक काही नॅनोमीटरचेच असतात म्हणून धागा चिवट असतो. त्यांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध एकेकटे अगदी कमजोर. पण स्फटिक छोटा असला की ते सगळे एकदम भार घेतात. स्फटिक मोठा झाला की तो वाकतो आणि बंध एकामागून एक उसवत जातात. कार्बनवाल्यांनी ही गोष्ट रोज सकाळी वाचावी असं माझं मत आहे.

२०१६ साली चीनमधल्या छिंगह्वा विद्यापीठात झांग यिंगयिंग यांच्या गटाने एक सरळसाधी गोष्ट केली. रेशीम विरघळवून त्यात कार्बन मिसळण्याऐवजी त्यांनी तुतीच्या पानांवर ०.२ टक्के नॅनोट्यूब किंवा ग्राफीन असलेलं पाणी फवारलं आणि ती पानं अळ्यांना खायला घातली. अळ्यांनी नेहमीसारखे कोष केले. त्यातून काढलेल्या धाग्याने तुटण्यापूर्वी साध्या धाग्यापेक्षा निदान पन्नास टक्के जास्त ताण सोसला. पुढे तो धागा १०५० अंशांवर तापवून कोळसा केला, तर त्यातून वीजही साध्या रेशमाच्या कोळशापेक्षा चांगली वाहिली.

बातम्या आल्या, ‘अळीने विणलं पोलादी रेशीम’ वगैरे. पण आपण पुन्हा हिशेब करू. ०.२ टक्के हे फवाऱ्यातलं प्रमाण आहे. अळी पान खाते, बरंच काही विष्ठेवाटे टाकते, उरलेल्यातलं काही आतड्याची भिंत ओलांडून रेशीमग्रंथीत पोचतं. तरी उदार होऊन समजा की धाग्यातही पूर्ण ०.२ टक्के पोचलं, सगळ्या नळ्या धाग्याच्या दिशेने मांडल्या गेल्या, आणि नळीची ताकद ५० गिगापास्कल आहे. पन्नासाचं ०.२ टक्के म्हणजे ०.१. साध्या रेशमाची ताकद साधारण ०.५. म्हणजे सगळं मनासारखं झालं तरी वाढ वीस टक्के. मोजली ती पन्नास. मग बाकीची कुठून आली?

त्याच शोधनिबंधात याचा धागादोरा आहे. वर्णपटांच्या तपासणीत दिसलं की कार्बनमुळे फायब्रॉइनचं स्फटिकी रूपात जाणं थोडं अडखळतं. सैल भाग थोडा जास्त उरतो. त्यामुळे धागा तुटण्याआधी जास्त ताणला जात असावा आणि त्याचा चिवटपणा वाढत असावा, असं संशोधकांनी मांडलं. मला हे त्या पन्नास टक्क्यांपेक्षा जास्त मोलाचं वाटतं. कार्बनने स्वतः ओझं उचललं ते थोडंच. त्याने शेजारच्या प्रथिनाची बसण्याची रीत बदलली. लग्नघरात एखादी आत्या असते बघा, स्वतः एक ताट उचलत नाही, पण ती आली की पंगत नीट बसते. (हशा) टायरमधल्या काजळीचंही थोडंफार असंच होतं.

इटलीत त्रेंतो विद्यापीठाच्या निकोला पुन्यो यांनी कोळ्यांवर याच धर्तीचं काम केलं, २०१७ साली ते प्रसिद्ध झालं. कोळ्यांना कार्बनचं पाणी दिलं आणि त्यांनी काढलेला धागा तपासला. ५.४ गिगापास्कलपर्यंत ताकद मिळाली. त्यातला ‘पर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा आहे, तो सर्वोत्तम धाग्याचा आकडा आहे. कोळी पाळून त्यांच्याकडून मापात धागा काढता येत नाही, ते एकमेकांना खातात. म्हणून हा मार्ग कुतूहलाचाच राहील असं मला वाटतं.

तर हे सगळं करायचं कशासाठी? इथे मी माझं मत स्पष्ट सांगते.

जैवबहुवारिकांचा मोठा गुण हा की ती कुजतात. मातीतले जिवाणू ती खातात. समजा, कुणी कायटोसान किंवा स्टार्चच्या ताटल्या बळकट करायला त्यात एक टक्का ग्राफीन घातलं. ताटली खतात गेली, जिवाणूंनी स्टार्च खाल्लं, ग्राफीन राहिलं. किलोभर ताटल्यांमागे दहा ग्रॅम. सव्वीस गुंठे गुणिले दहा म्हणजे साडेसहा एकर पृष्ठभाग, मातीत सुटा. ज्या गुणासाठी प्लास्टिक सोडलं त्यालाच आपण धक्का लावला. काही वाट आहे, नाही असं नाही. २०१० साली संशोधकांनी दाखवलं की आपल्या पांढऱ्या पेशींतलं एक विकर एकपदरी नॅनोट्यूबचं विघटन करू शकतं. पण शरीरातल्या पेशीने नळी मोडणं वेगळं आणि गावच्या उकिरड्यावर ती मोडणं वेगळं.

नळ्यांचा आणखी एक प्रश्न आहे. लांब, ताठ, न विरघळणारा तंतू म्हटलं की डॉक्टरांना अॅस्बेस्टॉस आठवतो. २००८ साली एडिंबरोच्या संशोधकांनी लांब बहुपदरी नळ्या उंदरांच्या पोटाच्या पोकळीत सोडल्या, तेव्हा अॅस्बेस्टॉससारखाच दाह दिसला. आखूड, गुंतलेल्या नळ्यांनी तसं झालं नाही. कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने एका विशिष्ट ताठ नळीला, ‘एमडब्ल्यूसीएनटी-७’ला, ‘माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता’ असलेल्या गटात टाकलं आहे, बाकीच्यांबद्दल पुरावा अपुरा मानला. अमेरिकेच्या निऑश या संस्थेने २०१३ साली कामगारांसाठी शिफारस केलेली मर्यादा आहे एका घनमीटर हवेत एक मायक्रोग्रॅम. गंमत बघा, बळकटीसाठी लांब ताठ नळी हवी, आणि फुप्फुसाला नको ती तीच. पदार्थात पक्क्या बसलेल्या नळीचा धोका वेगळा आणि भुकटी चाळणाऱ्या कामगाराचा वेगळा, हेही लक्षात घ्या. चर्चा बहुतेक वेळा ग्राहकाची होते, गोणी उघडणाऱ्याची कुणी करत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. निव्वळ ताकद हवी असेल तर कार्बनकडे जाऊच नये. लाकडातून, उसाच्या चिपाडातून नॅनोसेल्युलोज काढता येतं. त्याच्या स्फटिकाचा ताठपणा शंभर ते दीडशे गिगापास्कल, म्हणजे ग्राफीन ऑक्साइडच्या जवळपास. पाण्यात सहज विखुरतं, स्टार्च-कायटोसानशी नातं आपोआप जुळतं, आणि कुजतं. कार्बन घालावं ते जिथे त्याच्याशिवाय अडतं तिथे, म्हणजे जिथे वीज वाहायला हवी तिथे.

उदाहरण देते. २०१३ साली बॉस्टनमध्ये अली खादेमहोसैनी यांच्या गटाने जिलेटिनपासून केलेल्या जेलमध्ये नॅनोट्यूब मिसळल्या आणि त्यावर उंदराच्या नवजात पिलांच्या हृदयपेशी वाढवल्या. हृदयाच्या पेशींना एका तालात ठोके द्यायचे तर एकीचा विद्युतसंदेश दुसरीला मिळायला हवा, आणि नुसतं जिलेटिन तिथे आड येतं. नळ्यांच्या जाळ्याने तो निरोप पोचवला. साध्या जेलपेक्षा एकतालातल्या ठोक्यांचा दर तिप्पट झाला आणि पेशींना चेतवायला लागणारा विद्युतदाब ८५ टक्क्यांनी कमी झाला. इथे बळकटी हा जोडफायदा. नळ्या लांबोळक्या असल्याने टक्क्याच्या छोट्या अंशातही एकमेकींना टेकून सलग वाट तयार होते. हे सेल्युलोज कधीच करू शकणार नाही. शिवाय हा पदार्थ ग्रॅमच्या मापात लागतो, टनांच्या नाही, आणि कुठे गेला याची नोंद राहते.

आता प्रश्न घेऊ.

श्रोता: मॅडम, आमच्याकडे जालना-बीड भागात तुतीची लागवड बरीच वाढली आहे. शेतकऱ्यांनी असा फवारा मारून जास्त मजबूत रेशीम काढावं का?

नको, असंच सांगेन. तुम्हाला दर मिळतो तो कोषाच्या वजनाला, धाग्याच्या लांबीला, एकसारखेपणाला. साडीच्या रेशमाची ताकद आहे तेवढी पुरते. वर खर्च आणि भुकटी हाताळण्याचा धोका तुमच्या घरच्या माणसांना. आणि एक गोष्ट प्रयोगशाळेत कुणी विचारत नाही पण शेतकरी विचारतो, अळ्यांची विष्ठा आणि खाऊन उरलेला पाला जातो कुठे? खतात, कधी जनावरांपुढे. कोष उकळल्यावर निघणारे प्यूपा कोंबड्यांना, माशांना घालतात. धाग्यात न पोचलेलं सगळं कार्बन याच वाटेने जाणार. वैद्यकीय किंवा इलेक्ट्रॉनिक उपयोगासाठी कुणी बंदिस्त शेडमध्ये, हिशेब ठेवून, करार करून केलं तर ती वेगळी गोष्ट.

विद्यार्थिनी: मॅडम, आम्हाला पदवीच्या प्रकल्पासाठी कायटोसान आणि ग्राफीन ऑक्साइडचा पापुद्रा करायचा आहे. काय काळजी घ्यावी?

चांगला विषय आहे. ग्राफीन ऑक्साइड पाण्यात विखुरलेलंच विकत घ्या, कोरडी भुकटी उघडू नका. कायटोसानमध्ये ते एकदम ओतलंत तर धन-ऋण भारांमुळे फाटलेल्या दुधासारखं होईल, म्हणून खूप पातळ करून थेंब थेंब, ढवळत घाला. ०, ०.२५, ०.५, १ आणि २ टक्के असे पाच नमुने करा, म्हणजे तो माथा कुठे येतो ते दिसेल. शून्य टक्क्याचा पापुद्रा त्याच दिवशी, त्याच द्रावणातून करा, मागच्या महिन्यातला वापरू नका. आणि मोजण्याआधी सगळे नमुने दोन दिवस एकाच डब्यात, मिठाच्या संपृक्त द्रावणावर ठेवा. त्याने डब्यातली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांवर स्थिर राहते. हे केलं नाही, तर जुलैत मोजलेला आणि डिसेंबरात मोजलेला पापुद्रा यांतला फरक तुम्ही ग्राफीनच्या खात्यावर जमा कराल. प्रत्येक प्रमाणाचे निदान आठ-दहा तुकडे ओढून बघा आणि सरासरीसोबत सगळे आकडे छापा, तुटताना जबड्यातून निसटलेल्या तुकड्यांसकट.